चिंचेनं घासलेली तलवार

गंज बघणं ही माझी नोकरी. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावाजवळच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनतात, ते बाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावर येतात. ओरखडा, डाग, गंजाचा एखादा ठिपका, काहीही दिसलं की मी तो भाग परत पाठवते. तिथली डच पोरं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्याचं मला काडीचंही वाटत नाही. तीन वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून भिंती बघितल्यानंतर मिळालेली नोकरी आहे ही. सांगायचा मुद्दा असा, की धातूच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, अशी माझी समजूत होती. फसवलं ते घरातल्यानंच, आणि नेमकं धातूच्याच बाबतीत.

आमची सात घरांची रांग आहे. शेवटच्या घरात शेजारच्या बाई राहतात आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून आम्ही. बाई ऐंशी ओलांडलेल्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, अजून सायकलवरून बाजाराला जाणाऱ्या. मी नवीन होते तेव्हा खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेलं प्रत्येक पत्र घेऊन त्यांच्याकडे जायचे. त्या आधी स्वतः वाचायच्या, मग मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि चुकले की पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायच्या. माझं डच त्यांनी घडवलं. माझा नवरा अकरा वर्षं इथं आहे आणि त्याची गाडी अजून ब्रेड मागण्यापुढे गेलेली नाही. ऑफिसात सगळं इंग्रजी आणि बाकीचं निस्तरायला मी आहेच की.

आमच्या घराची किल्ली बाईंकडे असायची आणि त्यांची आमच्या दारामागच्या खिळ्याला. आम्ही पुण्याला गेलो की त्या आमच्या कढीपत्त्याला पाणी घालायच्या, त्या बहिणीकडे गेल्या की मी त्यांच्या कुंड्यांना. इथं लोक घरात सहजासहजी घेत नाहीत, त्यामुळे त्या किल्लीचं मला फार अप्रूप होतं.

दोन वर्षांपूर्वी एके दुपारी बाई म्हणाल्या, "माळ्यावरून एक वस्तू काढून देतेस? मला आता शिडी चढवत नाही." मी वर गेले आणि राखाडी घोंगडीत गुंडाळलेलं एक लांबडं बोचकं घेऊन खाली आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ते सोडलं. आत तलवार होती. जपानी, थोडीशी वाकलेली, मुठीवर मळकी दोरी आवळलेली.

बाईंचा जन्म जावातला. तेव्हा तो मुलूख डचांच्या ताब्यात होता आणि युद्धात जपान्यांनी तो घेतला. वडील एका छावणीत कैद, आई आणि तान्ह्या बाई दुसऱ्या छावणीत. जपान हरला तेव्हा वडील बायको-मुलीला शोधत आले ते ही तलवार घेऊनच. एका जपानी शिपायाकडून घेतली, एवढंच ते सांगायचे. बाईंनी लहानपणी विचारलं होतं, ती कुणाची होती? वडील म्हणाले, "कुणाचीच नाही. फॅक्टरीतला माल. सैन्यासाठी ढिगानं बनवायचे." आणि पेपर वाचत राहिले. ते गेल्यावर आईनं एकदाच सांगितलं, "तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, ज्याच्याकडून घेतली तो माणूस रडत होता."

"फॅक्टरीतल्या मालासाठी कुणी रडतं का?" बाईंनी मला विचारलं.

त्यांना हवं होतं ते एवढंच होतं. तलवार कुणी बनवली आणि कधी. युद्धाच्या वर्षांतली निघाली तर वडील खरं बोलत होते. तीनशे वर्षांची निघाली, तर त्यांनी कुणाच्या तरी घरातली पिढ्यांची वस्तू हिसकावून आणली होती आणि मुलीच्या तोंडावर खोटं बोलत राहिले होते. तसं असेल तर ती जपानला परत पाठवायची, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. "मला मरायच्या आधी कळायला हवं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी बघते. लोखंडाचं काम आहे, माझ्याशिवाय कोण बघणार? एवढा शहाणपणा माझ्यात ठासून भरलेला होताच.

जपानी तलवारीची मूठ काढता येते. एक बांबूची छोटी खुंटी असते, ती ठोकून बाहेर काढली की मूठ निघते, आणि मुठीतल्या लोखंडावर बनवणाऱ्यानं आपलं नाव कोरलेलं असतं. आम्ही दोघींनी श्वास रोखून ती खुंटी काढली. आतलं लोखंड काळपट, चॉकलेटी, हाताला गुळगुळीत, आणि त्यावर छिन्नीनं कोरलेली दोन अक्षरं. बाई टाळ्या वाजवून हसल्या, लहान मुलीसारख्या. मी फोनवर चार फोटो काढले, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. चारच का काढले, म्हणून मी नंतर स्वतःला किती शिव्या घातल्या आहेत ते मला माहीत.

मग मी वर्षभर रोज संध्याकाळी त्या दोन अक्षरांच्या मागे. नाव वाचता आलं. पण नावानं काही सिद्ध होत नाही, हे लवकरच कळलं. तेच नाव बापाचं, मुलाचं, नातवाचं, शिष्याचं. एकच नाव तीन-चार पिढ्या चालतं, शिवाय प्रसिद्ध माणसाचं नाव आपल्या तलवारीवर कोरणारे लबाड वेगळेच. मग वय ठरवायचं कशावरून? पात्याच्या घाटावरून, पोलादातल्या बारीक रेषांवरून, आणि मुख्य म्हणजे मुठीतल्या गंजावरून. शतकांचा गंज काळा, दाट, आत मुरलेला असतो. युद्धाच्या काळातला पातळ आणि तांबूस. आमच्याकडे लोक गंज घालवतात, तिकडे तो जपतात. माझी सगळी नोकरी उलटी धरायची, असा प्रकार.

तलवारींचा नाद असलेल्या लोकांची इथं एक मंडळी आहे. वर्षातून दोनदा ते आम्स्टरडॅम स्लोटरडाइक स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये जमतात आणि लोकांच्या तलवारी बघून मत देतात. मी त्यांना लिहिलं. नोव्हेंबरातल्या शनिवारी या, असं उत्तर आलं, आणि खाली ठळक अक्षरांत: मुठीतल्या गंजाला हात लावू नका, पुसू नका, तेल लावू नका, आता मूठ आम्हीच काढू. हे मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवलं. तो संत्रं सोलत होता. "इंटरेस्टिंग," म्हणाला. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

सप्टेंबरमध्ये बाईंच्या घराच्या खिडक्या बदलायचं काम निघालं. घरात दिवसभर कामगार, म्हणून त्यांनी तलवार आमच्याकडे ठेवायला दिली. "तुझ्याकडे असली की मला घोर नाही," म्हणाल्या. मी ती आमच्या कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवली. त्याच आठवड्यात पुण्याहून सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या.

माझ्या सासूबाई सुताराची मुलगी. त्यांच्या माहेरी खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. करवत, रंधा, पटाशी, सगळं चिंच-मिठानं घासून आरशासारखं करायचं, मग हळद-कुंकू आणि फुलं. पटाशीचा लाकडी दांडा काढून दांड्याच्या आतलं लोखंडसुद्धा घासायचं. त्यांचे वडील म्हणायचे म्हणे, देवाला आतलं-बाहेरचं सगळं दिसतं.

आमच्याकडे खंडेनवमीला काय असतं? दोन लॅपटॉप, भाजीची सुरी, सायकलचा पंप आणि नवऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, ज्याचं प्लॅस्टिकसुद्धा त्यानं अजून फाडलेलं नाही. दरवर्षी त्यावर कुंकू वाहताना मला हसू यायचं. या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र होतं. मला मोह झाला. खोटं कशाला सांगू, झाला. सासूबाईंना म्हटलं, "आई, ही तलवार पूजेत ठेवा. पण फक्त म्यानाला हळद-कुंकू लावायचं. बाहेर काढायची नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, आणि तिचा गंजच महत्त्वाचा आहे." त्यांनी मान हलवली. गंज महत्त्वाचा, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नसणार, शिरायचं कारणही नव्हतं. पण नवरा त्या दिवशी घरून काम करणार होता आणि त्याला सगळं माहीत होतं. मी निर्धास्त कामावर गेले.

संध्याकाळी आले तर पाटावर तलवार म्यानात, वर पिवळी शेवंती, समई लागलेली, घरभर उदबत्तीचा वास. सासूबाईंचा चेहरा फुललेला. "बघ, कशी शोभतेय!" म्हणाल्या. मी नमस्कार केला. नवऱ्यानं शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली. बदाम जास्त घातले होते, माझ्यासाठी.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी सासूबाई परत गेल्या. इथली थंडी त्यांना सोसेना, म्हणून लवकरच. मग नोव्हेंबर आला. त्या शनिवारी सकाळी नवऱ्यानं पडद्याच्या दांड्याच्या लांब खोक्यात तलवार नीट बांधून दिली आणि दारात उभा राहून म्हणाला, "ऑल द बेस्ट!" हात हलवला. बाईंकडे बघूनही हलवला.

बाईंनी केस सेट करून घेतले होते. ट्रेनमध्ये त्यांनी मला वडिलांचा फोटो दाखवला, टाय लावलेला बारीक माणूस. "आज कळेल, हा कसा होता," त्या म्हणाल्या. आणि माझ्या हातावर हात ठेवून बसल्या, थेट गाडी बदलेपर्यंत.

हॉलमध्ये पांढरं कापड घातलेली टेबलं होती. आमच्या समोर बसलेले गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. तलवार हातात घेण्याआधी त्यांनी मान झुकवली. म्यानातून पातं काढलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पात्यावर असंख्य बारीक ओरखडे, दिव्याखाली नुसती चमचम. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मीसुद्धा पात्याकडेच बघत होते. पूर्वी त्यावर एक निळसर झाक होती. ती कुठे गेली? गृहस्थांनी छोट्या पितळी हातोडीनं खुंटी काढली, मूठ ओढली, आणि पांढऱ्या कापडावर केशरी भुकटी सांडली.

तो गंज काय आहे ते कळायला मला एक सेकंदसुद्धा लागला नाही. मिठाचा. ताजा. काही आठवड्यांचा. आणि त्या केशरी थराखाली लोखंड लख्ख, घासलेल्या तांब्यासारखं. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या.

गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं. "हे आधी घासलंय," ते म्हणाले, "आणि मग वर मीठ लावून नवा गंज चढवलाय. खोटी नावं कोरणारे लोक हेच करतात. कुणी केलं हे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. अक्षरशः खरं होतं ते. पण खरं बोलतानासुद्धा तोंड कोरडं पडतं आणि ते खोट्यासारखं ऐकू येतं.

बाई हळूच म्हणाल्या, "तलवार यांच्या घरी होती." आणि पुढे, "गंजाचं काम यांचंच आहे. त्या त्याच खात्यात असतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला. मी फोनमधले चार फोटो दाखवले. गृहस्थांनी ते मोठे करून बघितले. ते वाईट माणूस नव्हते. नाव वाचलं त्यांनी, मी वाचलं होतं तेच. "या नावाचे चार तरी लोहार होऊन गेले. पहिला चारशे वर्षांपूर्वीचा. आणि युद्धाच्या काळातही हेच नाव घेणारा एक होता. फोटोतला रंग पिवळ्या दिव्याचा आहे, त्यावर मी सही करणार नाही. यांतला कोणता, ते गंजानं सांगितलं असतं." मग बाईंकडे वळून म्हणाले, "सॉरी. आता हे कुणालाच सांगता येणार नाही."

परतीच्या प्रवासात बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी तीनदा बोलायला गेले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आत्ता नको." वडिलांचा फोटो पर्समध्ये परत गेला होता.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. नवरा सोफ्यावर क्रिकेट बघत होता. मी म्हटलं, "तलवार कुणी घासली?"

"कुठली? मला काय माहीत?" तो म्हणाला. स्क्रीनवरची नजरसुद्धा हलली नाही.

मी तिथंच उभी राहून सासूबाईंना फोन लावला. त्यांचा चेहरा स्क्रीनवर आला, मागे त्यांचं स्वयंपाकघर. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आई, खंडेनवमीला तलवार तुम्ही घासली होती का?"

"अगं, मीच ना!" त्या हसल्या. "म्यानावर कुंकू आणि आत गंज, असं कुठं असतं का? मी याला म्हटलं, माझे वडील दांडा काढून घासायचे. यानंच मूठ काढून दिली. तीन तास घासत होते, खांदा भरून आला. तुला खूप आवडली, असं म्हणाला हा. त्यानं सांगितलं मला."

मी "हो आई" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार होते?

मग मी भांडले. पुण्यातल्या माणसांना वाटतं, परदेशात आम्ही हळू आवाजात भांडतो. अजिबात नाही. भिंतीला भिंत लागून आहे, बाईंना ऐकू गेलं असणार, मराठीत का होईना. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यानं मूठ काढून दिली, कारण आईला जपानी लोकांची ती युक्ती दाखवायची होती. मग त्याची मीटिंग सुरू झाली. बाहेर येऊन बघतो तर तलवार लख्ख. आईला काही बोलायचं नाही, बिचारीला वाईट वाटेल. मला सांगायचं नाही, मी ओरडेन. म्हणून आई गेल्यावर, मी कामावर असताना, साहेबांनी इंटरनेटवर बघून मिठाचं पाणी केलं आणि मागच्या शेडमध्ये ठेवून गंज परत चढवला. "मला वाटलं, कुणाला कळणार नाही," तो म्हणाला.

"मला? मला कळणार नाही?"

"तू तर मूठ काढणारच नव्हतीस ना!"

 म्हणजे त्यानं सगळा हिशेब आधीच करून ठेवला होता. मूठ निघेल ती स्लोटरडाइकला, तिथं तो नसेल. तिथं मी असेन. तरी दारात उभा राहून हात हलवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरीनं कापला असता तर निदान हातातली सुरी दिसली असती.

माझा नवरा वाईट आहे असं कुणीही म्हणणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यात आधी तो खुर्च्या मांडतो. माझ्या मैत्रिणी म्हणतात, भाग्यवान आहेस. तो मोठ्यानं बोलत नाही, कशाला नाही म्हणत नाही, सगळ्यांना बरं वाटेल असं वागतो. "कशाला कटकट" हे त्याचं वाक्य. मी कटकट करते, तो नामानिराळा. अकरा वर्षं मी यालाच स्वभाव समजत आले.

सोमवारी बाईंनी बेल वाजवली. आत आल्या नाहीत. कुंड्यांना आता भाची पाणी घालणार आहे, तेव्हा किल्ली परत मिळेल का, असं त्यांनी फार सौजन्यानं विचारलं. आमची किल्ली त्यांनी आधीच पाकिटात घालून आणली होती. मी खिळ्यावरची काढून दिली. त्यांना तिथंच सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण मागच्या खोलीत नवरा होता, आणि मला हे त्याच्याच तोंडून त्यांनी ऐकायला हवं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून मी गप्प बसेन, ही त्याची अपेक्षा होती. वर तो रात्री जेवताना म्हणाला, "तू तुझ्यावर घे ना. तुझे त्यांच्याशी चांगले संबंध आहेत, त्या माफ करतील."

मी ताट सारलं. म्हटलं, "रविवारी तू माझ्याबरोबर येतोस. नाही आलास तर मी पुण्याला जाते, आणि परतीचं तिकीट काढणार नाही." मी असल्या धमक्या कधी देत नाही. म्हणूनच तो आला.

रविवारी अकराला आम्ही बाईंच्या त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तलवार घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. नवऱ्यानं इंग्रजीत सुरुवात केली. त्याचं इंग्रजी फार छान आहे. तो म्हणाला, त्याची आई म्हातारी आहे, जुन्या वळणाची आहे, शिकलेली नाही, धार्मिक गोष्टींत कुणाचं ऐकत नाही. तिनं न विचारता तलवार धुतली. ओली राहिल्यानं गंज चढला. त्याला फार वाईट वाटतंय.

मूठ कुणी काढली, ते आलं नाही. मीठ आलं नाही. शेड आली नाही. ज्या आईला वाईट वाटू नये म्हणून हा तीन आठवडे ताकास तूर लागू देत नव्हता, तिलाच यानं पुढं केलं, एका क्षणात, आणि हसतमुखानं.

मी डचमध्ये सगळं सांगितलं. मूठ, मीठ, शेड, सगळं. त्याला समजत नव्हतं, पण माझ्या बोटाच्या दिशेवरून कळत असावं. बाईंनी ऐकून घेतलं. त्याच्याकडे बघितलं. मग उठल्या आणि दार उघडलं.

त्यानं सायकलींच्या बाजूनं वाट काढली आणि पुढं गेला. मी उंबऱ्यात थांबले. वाटलं, आता तरी त्या माझ्या हातावर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "माझे वडील असेच बोलायचे. काहीच जड न वाटता. म्हणून तर मला तलवारीला विचारायचं होतं." मग म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास आहे माझा. पण तुझ्याच घरात ते झालं. मला आता तुला बघितलं की तेच आठवतं." दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं.

त्यांची किल्ली त्यांनी मला पुन्हा दिली नाही. मी मागितलीही नाही. सायकलवरून जाताना त्या मान हलवतात, मीही हलवते. तलवार त्यांच्याच घरात आहे. परत पाठवायची तर का, आणि ठेवायची तर का, याचं उत्तर आता त्यांना कुणी देऊ शकत नाही. मी ज्या कामासाठी नोकरीवर आहे, नेमकं तेच त्यांच्यासाठी मला करता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. आम्ही दोघंही जेवायला बसलो होतो. फोन नवऱ्याच्या हातात, स्पीकरवर. तब्येत, थंडी, गुडघे, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "अरे, त्या शेजारच्या बाईंना दिलीत का तलवार? काय म्हणाल्या?"

"हो ना आई," तो म्हणाला, आणि चपातीचा तुकडा मोडला. "खूप आवडली त्यांना."

मी त्याच्याकडे बघत होते. पापणी हलली नाही, घास अडकला नाही. मी समोर बसलेली होते, मला सगळं माहीत होतं, तरीही.  या अकरा वर्षांत यानं मला काय काय खूप आवडलं म्हणून सांगितलं असेल, आणि माझ्या नावानं कुणाकुणाला?

मी फोन त्याच्या हातातून घेतला. तो "अगं, कशाला" म्हणेपर्यंत माझं बोलून झालं होतं. म्हटलं, "आई, खोटं आहे हे. तलवार बिघडली. घासायला नको होती, आणि हे याला माहीत होतं. तुमची चूक नाही. पण यानं बाईंना सांगितलं, की आईनं न विचारता केलं. आणि मलाही ती आवडलेली नव्हती. ती घासलीय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मला बोलतील. मी दोन्हीला तयार होते.

"तुलाही नव्हती आवडली?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मी इथं सोसायटीत सगळ्या बायकांना सांगितलं," त्या म्हणाल्या, "की सुनेला पहिल्यांदाच माझं काहीतरी आवडलं." आणि त्यांनी फोन ठेवला.